धबधब्याअलीकडचा बाक

वाटाड्या — मागे नाही आजी, पुढे. सगळ्यात पुढे तुम्ही.

आजी — पुढे? अहो, माझं एक पाऊल पडेपर्यंत ही मंडळी धबधबा बघून परत येतील. माझ्यामागे अडकली तर मनातल्या मनात माझा उद्धार करतील.

वाटाड्या — करू देत. या वाटेचा नियमच आहे तो. जो सगळ्यात हळू, तो सगळ्यात पुढे. बाकीच्यांनी त्याच्या पावलानं चालायचं.

नात — म्हणजे कासव पुढे आणि ससे मागे.

वाटाड्या — अगदी बरोबर.

आजी — कासव कोणाला म्हणालीस गं?

नात — कोणाला नाही. उदाहरण दिलं.

आजी — उदाहरणं बरी सुचतात. आजोबांवर गेली आहे, दुसरं काय. पण काय हो, हा नियम फाटकावरच्या पाटीवर कसा नाही? तिथे एवढंच लिहिलंय, सोपी वाट, सर्व वयांसाठी, वाटाड्यासह.

वाटाड्या — पाटी जुनी आहे. नियम नवा. दोन वर्षं होतील.

आजी — दोन वर्षं.

वाटाड्या — हो. मंडळी, सगळे इकडे बघा! आपण बारा जण आहोत. सव्वा तासाची वाट. चढ असा नाहीच, पायऱ्या आहेत तिथे दोर बांधलाय. तीन थांबे. पोकळ झाड, लाकडी पूल आणि बाक. मग धबधबा. आजींच्या पुढे कोणी जायचं नाही आणि त्या लाल टोपीवाल्या ताईच्या मागे कोणी राहायचं नाही. बाळाला झोळीत घेतलंय ना? छान. मास्तर, काठी राहू द्या हातात, लाजू नका. निघायचं?

आजी — निघा. माझ्या मागोमाग निघा म्हणा.

नात — आजी, आपण पहिल्या! शाळेत मी कधीच पहिली येत नाही.

आजी — इथे हळू चालण्याचे गुण आहेत. मिळव भरपूर.

वाटाड्या — ही डावीकडची मुळं बघा, ओली आहेत. त्यांवर पाय नको. आणि हे नेचे बघितलेत? पानाच्या मागे हात लावा, तपकिरी पूड लागते बोटाला. आणि ते वर, खोडावर, ती भोकं सुतारानं पाडलेली. पक्षी बरं का, माणूस नाही. पुढच्या वळणावर दगड आहे, त्याच्याकडे बघून प्रत्येकाला वेगळा प्राणी दिसतो—

आजी — तुम्ही श्वास कधी घेता हो?

वाटाड्या — काय करणार आजी, बोलण्याचीच भाकरी आहे.

आजी — उथळ पाण्याला खळखळाट फार, असं आमची आई म्हणायची. तुम्हाला नाही म्हणत. उदाहरण दिलं.

नात — आजी!

वाटाड्या — द्या, द्या. धबधब्याच्या वाटेवर शोभून दिसतं. हे आलं पोकळ झाड. आतून जळालेलं आहे, वरून हिरवं. लहान मुलांनी आत उभं राहून बघावं. आणि मग एक मिनिट सगळ्यांनी डोळे मिटायचे. अगदी गप्प. पाणी कुठल्या बाजूला आहे ते कानांनी शोधायचं. आवाज आधी कान गाठतो, माणूस मागून पोहोचतो. मिटले डोळे?

नात — मला उजवीकडून येतोय.

वाटाड्या — शूऽऽ. एक मिनिट. ... हं, उघडा. कोणाकोणाला ऐकू आला?

नात — मला! आजी, तुला?

आजी — नाही बाई. आमच्याकडे कानाचं खातं ह्यांच्याकडे होतं. मी नुसती बोलायची.

नात — आमचे आजोबा गायचे. म्हणजे देवाच्या गोष्टी सांगायचे, गात गात. मोठ्या सभागृहात. आणि शेवटची ओळ ते कधीच म्हणायचे नाहीत.

वाटाड्या — का बरं?

नात — ती लोकांची असायची. ते थांबायचे, हात असा कानामागे न्यायचे आणि वाट बघायचे. मग सगळे लोक ती ओळ म्हणायचे. सगळ्यात आधी आजी म्हणायची. पहिल्या रांगेतून.

आजी — पुरे गं.

नात — आणि ते इथे आले होते. याच वाटेवर. धबधब्यासमोर उभे होते ना, तेव्हाच गेले. म्हणजे वारले. पाण्याकडे बघता बघता. मी त्याचं चित्र काढलंय, आमच्या हॉलमध्ये लावलंय.

आजी — काय झालं? खळखळाट थांबला तुमचा?

वाटाड्या — नाही... आपण... पुलाकडे जाऊ या. मंडळी, चला. आजींच्या मागून.

आजी — दोराला धरा हो, ओल्या मुळावरच पाय दिलात. वाटाड्यानंच घसरायचं म्हणजे झालं.

वाटाड्या — आजी, नोंदणीत तर दुसरंच नाव आहे.

आजी — मुलीनं केली नोंदणी, जावयाच्या आडनावानं. मीच सांगितलं तसं कर म्हणून. माझं नाव वाचलं असतंत तर आज सुट्टी घेतली असतीत. खोटं का बोला?

वाटाड्या — घेतली असती.

आजी — तुमचा आवाज मी फाटकापाशीच ओळखला. फोनवर एकदाच ऐकला होता. पण असला फोन आयुष्यात एकदाच येतो, त्याचा आवाज राहतो कानात. गाण्यातलं मला फारसं कळत नाही, पण आवाज राहतो.

नात — आजी, हे ते काका आहेत? फोनवाले?

आजी — हो बाळा. तेच.

नात — मग तुम्ही आजोबांच्या शेजारी होता! सांगा ना, ते काही म्हणाले का? आजी सगळ्यांना सांगते की तुम्ही शेजारी होता.

वाटाड्या — पूल आलाय. एकेकानं जायचं. ताई, बाळाच्या आईला आधी सोड. आजी, कठड्याला धरा. लाकूड ओलं आहे.

आजी — विषय बदलायला पूल बरा सापडला. धरते. माझी घाई नाही. पूल ओलांडून होऊ दे.

नात — मी मोजल्या! बत्तीस फळ्या.

वाटाड्या — चौतीस. दोन बदलायच्या राहिल्यात, त्या तू ओलांडून उडी मारलीस.

आजी — आता मला एक सांगा, वाटाडे. मगाशी निघताना तुम्ही आपल्यातल्या त्या जोडप्याला काय म्हणालात? मोबाईलचं काहीतरी.

वाटाड्या — म्हणालो, जे भिजू नये ते बाकापाशी पिशवीत बांधून ठेवा. धबधब्यासमोर तुषार उडतात. दोन मिनिटांत माणूस चिंब होतो.

आजी — दोन मिनिटांत. कपडेसुद्धा?

वाटाड्या — सगळंच.

आजी — कागद?

वाटाड्या — कागदाचा लगदा होतो.

आजी — मग हा बघा. हे तुमच्या वहीतलं त्या दिवसाचं पान. ऑफिसातून झेरॉक्स मागून घेतली मी. 'चौदा निघाले, चौदा पोहोचले, धबधबा.' अक्षर तुमचंच ना? मोत्यांसारखं. एक काना ओघळलेला नाही.

वाटाड्या — माझंच आहे.

आजी — आणि हा ह्यांचा चष्मा. दवाखान्यातून पिशवीत घालून दिला. चष्म्याच्या घरात, पुसायच्या फडक्यात नीट गुंडाळून, खिशात ठेवलेला. फडकं कोरडं. सदरा कोरडा. चष्म्याशिवाय ह्यांना दहा हातांवरची मी दिसायची नाही. आणि हे म्हणे धबधबा बघत उभे होते. चष्मा खिशात ठेवून?

नात — आजी, तू हे आधी कधी म्हणाली नाहीस.

आजी — दीड वर्ष मनात म्हणतेय. पहिले चार-सहा महिने नाही आलं लक्षात. रडण्यात डोळे आंधळे होतात. मग एक दिवस कपाट आवरताना फडकं हाताला लागलं.

वाटाड्या — आजी, पुढे बाक आहे. शंभर पावलांवर. तिथे बसून बोलू. इथे उभ्याउभ्या नको.

आजी — तिथेच बोलायचंय मला. म्हणूनच आले. धबधबा बघायची हौस असती तर त्यांच्याबरोबरच आले असते.

वाटाड्या — मंडळी, बाक! ज्यांना पाणी प्यायचंय त्यांनी प्या. चष्मे, मोबाईल पिशवीत. ताई, ऐक. सगळ्यांना घेऊन तू पुढे हो. मास्तरांना पुढे ठेव, त्यांच्या पावलानं. आम्ही तिघं येतो मागून.

आजी — गट फोडलात? नियम मोडला तुमचा.

वाटाड्या — दोन वाटाडे असले तर फोडता येतो. तेव्हा मी एकटाच होतो. त्यानंतर मी ऑफिसाच्या मागे लागून ही दुसरी जागा करून घेतली.

नात — मी ताईबरोबर जाऊ का, आजी?

वाटाड्या — हो, तू जा बाळ. तिथे छान—

आजी — राहू दे तिला. लपवालपवी पुष्कळ झाली. ये गं, बस माझ्याजवळ. हाच बाक का?

वाटाड्या — हाच.

आजी — कुठे बसले होते?

वाटाड्या — तुम्ही बसलात तिथेच. दोराकडच्या टोकाला.

आजी — बस तूही. 'अहो-जाहो' आता पुरे, माझ्या मुलाएवढा आहेस. सांग. आणि जे झालं तेवढंच सांग. वर मीठमसाला नको.

वाटाड्या — ते सगळ्यात मागे चालत होते. सुरुवातीपासूनच. मधेच थांबायचे, काहीतरी गुणगुणायचे. मी दोनदा मागे जाऊन घेऊन आलो. आमच्यात पुढे शाळेतली मुलं होती, त्यांना घाई होती. बाकापाशी आलो तेव्हा आजोबा बसले. मी विचारलं, दम लागला का? म्हणाले, दम कसला, इथून पाणी फार चांगलं ऐकू येतंय, जरा बसतो. चष्मा काढला, पुसला, त्याच्या घरात ठेवला.

आजी — ऐकताना डोळे मिटायचे. तेव्हा चष्मा नकोच असायचा. पुढे?

वाटाड्या — म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. परत येताना मला घ्या.

आजी — परत येताना मला घ्या.

वाटाड्या — हेच शब्द. हसून म्हणाले. चेहरा चांगला होता, आजी. घाम नव्हता, काही नव्हतं. मी वही काढली आणि इथेच, या बाकाच्या पाठीवर टेकवून लिहिलं. चौदा पोहोचले. रोजच तसं लिहायचो. तिकडे कागद भिजतो म्हणून आधीच लिहून टाकायचं. सोपी वाट, बाकापर्यंत आलेला माणूस पोहोचणारच. आठ वर्षांत एकही पान खोटं ठरलं नव्हतं.

नात — पण आजोबा पोहोचले नव्हते.

वाटाड्या — नव्हते. आणि मी त्यांना सोडून गेलो.

आजी — किती वेळ?

वाटाड्या — वीस मिनिटं. पंचवीस असतील. मुलांना फोटो काढायचे होते.

आजी — मग?

वाटाड्या — मग परत आलो. बघितलं, तर मान खाली, डोळे मिटलेले. मला वाटलं झोप लागली. मी वळून तोंडावर बोट ठेवलं. सगळ्यांना गप्प केलं. एक मुलगी खोकत होती, तिलाही दटावलं. तेरा माणसं ओलीचिंब उभी होती, अंगावरून पाणी ठिबकत होतं, आणि मी वाट बघत होतो की आजोबांची झोप पुरी व्हावी. चार-पाच मिनिटं. त्याहून जास्तच. मग मी हात धरला त्यांचा.

(झाडांपलीकडून पाण्याचा आवाज येत राहतो.)

नात — आजी. आजी, रडू नकोस ना.

आजी — रडत नाही गं. म्हणजे एकटे होते.

वाटाड्या — हो.

आजी — दोन वर्षं मी लोकांना सांगितलं, एकटे नव्हते. सभागृहात जी जी बाई माझा हात धरायला आली, तिला सांगितलं. त्यांचा शिष्य आता त्यांच्या जागी उभा राहतो, तोसुद्धा हीच गोष्ट गाऊन सांगतो. गुरुजी पाण्यासमोर उभे राहिले आणि पाण्यासारखेच गेले. लोक डोळे पुसतात. देवाच्या दारात, देवाच्या नावानं, खोटं. आणि ते त्यांच्या तोंडी मी घातलं!

वाटाड्या — मी घातलं, आजी. तुम्ही नाही.

आजी — का रे? मी तुझं काय घोडं मारलं होतं?

वाटाड्या — फोन लागला, वाटाड्या बोलतोय म्हणालो आणि पुढचं बोलायच्या आधी तुम्हीच विचारलंत. धबधबा बघितला का हो त्यांनी? सकाळपासून नाचत होते नुसते. असं म्हणालात. माझ्या तोंडून 'हो' गेलं. मग ते गेल्याचं सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, जवळ कोणी होतं का? मी म्हणालो, मी होतो.

आजी — माझ्यासाठी म्हणालास की स्वतःसाठी?

वाटाड्या — पहिलं 'हो' तुमच्यासाठी. त्यानंतरचं सगळं माझ्यासाठी. ऑफिसात विचारलं तेव्हा वहीत लिहिलेलंच होतं. एकट्याला सोडलं म्हटलं असतं तर काढून टाकलं असतं. धाकटी तेव्हा तीन महिन्यांची होती. पण ते कारण सांगून मी सुटत नाही, मला ठाऊक आहे.

आजी — नाही सुटत.

वाटाड्या — रोज इथून जातो. आठवड्यातून सहा दिवस. लोक या बाकावर बसून बिस्किटं खातात. मी उभाच राहतो.

नात — तुम्ही आता बसलात.

वाटाड्या — आजीनं बस म्हटलं म्हणून. पहिल्यांदाच.

नात — मग माझं चित्र चुकलं. त्यात आजोबा उभे आहेत.

आजी — तुझं नाही चुकलं. तुला सांगितलं ते चुकलं. नवीन काढू. बसलेले काढू.

वाटाड्या — आजी, एक गोष्ट सांगायची राहिली. तेव्हा नाही सांगितली, कारण ती सांगितली असती तर बाक सांगावा लागला असता.

आजी — आता काय उरलंय? बोल.

वाटाड्या — त्यांचा उजवा हात. कोपर या बाकाच्या हातावर टेकलेलं होतं आणि हात असा... कानामागे. मला वाटलं डोकं टेकून झोपलेत. आज त्या झाडापाशी हिनं हात करून दाखवला. हुबेहूब तसा.

नात — आजी! शेवटची ओळ!

आजी — कळलं गं मला. थांब. थांब जरा.

नात — पण मग ते वाट बघत होते ना? कोणी म्हटलीच नाही.

आजी — हो.

नात — तू असतीस तर म्हटली असतीस.

आजी — मी असते तर. ... ऐक, तूही ऐक रे, तुझ्या एकट्याच्या डोक्यावर हे ओझं नको. त्या दिवशी आमची दोन तिकिटं होती. सकाळी गुडघा दुखतो म्हणून मी घरी बसले. गुडघा दुखत नव्हता. आदल्या संध्याकाळी आमचं वाजलं होतं. कशावरून, तर मी म्हणाले, सगळ्या जगाचं ऐकता, घरात माझं ऐकायला तुमचे कान बंद. ते म्हणाले, बरं, उद्या धबधब्याला जातोच आहोत, वाटभर तूच बोल. मी म्हणाले, सोपी वाट आहे ना? मग जा एकटे.

वाटाड्या — आजी...

आजी — दाराशी वळून म्हणाले, येतेस का? मी भांडी घासत होते. नळ सोडलेला होता. ऐकू आलं, तरी न आल्यासारखं केलं. तू त्यांना पंचवीस मिनिटं सोडलंस. मी सकाळपासून सोडलं होतं.

वाटाड्या — ती वेगळी गोष्ट आहे. तुमचं ते काम नव्हतं. माझं होतं.

आजी — माझं तर चव्वेचाळीस वर्षांचं काम होतं. कोणाचं पाप मोठं ते तोलत बसायला आपण दोघं कोण? तो तागडीवाला वर बसलाय, तो बघेल. मला फक्त एवढं हवं होतं की कोणीतरी खरं सांगावं. तू सांगितलंस. खोदावं लागलं, पण सांगितलंस.

वाटाड्या — मला माफ करा असं म्हणायची हिंमत नाही.

आजी — नको म्हणूस. माफी काय खिशात घेऊन आले आहे का मी? येईल तेव्हा येईल, माझ्यासारखी हळूहळू. आधी एक काम कर. उद्या ऑफिसात जाऊन ते पान दुरुस्त कर. चौदा निघाले, तेरा पोहोचले, एक बाकावर.

वाटाड्या — करतो. काढून टाकतील कदाचित.

आजी — मी येते बरोबर. मी बोलेन त्यांच्याशी. जो सगळ्यात हळू तो पुढे, नियम आहे ना तुझा?

वाटाड्या — आहे.

आजी — आणि त्यांच्या शिष्याला मी सांगते. गोष्ट बदल म्हणावं. उभे नव्हते, बसले होते. बघत नव्हते, ऐकत होते. ही गोष्ट जास्त चांगली आहे, त्या गाढवाला कळली तर. ऊठ आता. हात दे.

वाटाड्या — परत फिरायचं?

आजी — परत? शेवटचा टप्पा माझ्यासाठी ठेवून गेलेत ते. किती आहे इथून?

वाटाड्या — दोनशे पावलं. पायऱ्या ओल्या आहेत. दोर डाव्या बाजूला.

आजी — चल. पुढे मी.

नात — आजी, चष्मा इथे राहिला बाकावर.

आजी — राहू दे. परत येईपर्यंत राहू दे त्यांच्याजवळ. आणि तो झेरॉक्सचा कागद पिशवीत घालू नकोस. हातात दे माझ्या. भिजू दे.

वाटाड्या — सावकाश. ही पायरी उंच आहे. आता वळण. आता वर बघू नका, पायाकडे बघा. ... आता बघा.

नात — बाप रे!

वाटाड्या — मोठ्यानं बोला, इथे काही ऐकू येत नाही!

नात — आजी, किती मोठा! आजी, पदर भिजला तुझा! आजी? तू काहीतरी म्हणतेयस. ओठ हलतायत तुझे. काय म्हणतेयस?

आजी — तुझ्यासाठी नाही गं.

नात — गातेयस तू. दोन वर्षांत गायली नाहीस.

आजी — गप्प उभी राहा. एकच ओळ आहे, झालीसुद्धा.

वाटाड्या — आजी, ताईनं बाकीच्यांना मोजलंय. सगळे आलेत, मास्तरसुद्धा. वही भरतो, शाई पसरतेय पण लिहितो. बारा निघालो. पोहोचले किती लिहू?

नात — तेरा लिहा! आजोबा धरून तेरा.

आजी — नाही. बाराच. जे खरं आहे तेच लिही.

नात — आणि आजोबा?

आजी — ते बाकावर बसलेत. परतताना घेऊ त्यांना.